नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक ऊर्फ रेव्हरंड टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि संपादक होते. मुले, फुले आणि निसर्ग यांवरील कवितांमुळे ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन, अभंग आणि कीर्तन रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे समकालीन, रत्नागिरी जिल्ह्यातलेच आणि चित्पावन ब्राह्मण कुळातले असल्याने दोघांच्या नावांत गल्लत होण्याचा संभव असतो. मात्र या दोन व्यक्ती वेगळ्या आहेत.

टिळकांच्या आयुष्यात श्रद्धा, संसार आणि भ्रमंती या तीन गोष्टी सतत एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. नोकरीच्या शोधात केलेल्या एका रेल्वेप्रवासात त्यांची ख्रिस्ती धर्माशी ओळख झाली. त्यातून घडलेल्या धर्मांतरामुळे पत्नी आणि मुलापासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे ज्या पत्नीने या धर्मांतराचा धसका घेतला होता, तिनेच त्यांचे अपुरे राहिलेले महाकाव्य पुढे नेले.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

टिळकांचा जन्म कोकणातील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव जानकीबाई होते. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. मुलाचा ओढा वडिलांपेक्षा आईकडे अधिक होता आणि आईच्या मृत्यूनंतर घराशी असलेला त्यांचा धागा सैल झाला.

१८६८ ते १८७३ या काळात त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याण येथे झाले. त्यानंतर ते नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत भाषेचे, विशेषतः संस्कृत काव्याचे अध्ययन केले. पुढे दोन वर्षे इंग्रजी शाळेत घालवून त्यांनी इंग्रजी आणि इतर विषय अभ्यासले. परंतु शालान्त परीक्षेपर्यंत ते पोहोचू शकले नाहीत. विवाहानंतर चरितार्थाची जबाबदारी येऊन पडल्याने त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. औपचारिक शिक्षण अपुरे राहिले, तरी संस्कृतवरील प्रभुत्व, वक्तृत्व आणि शीघ्र काव्यरचना यांच्या बळावर त्यांनी पुढे अनेक ठिकाणी मान मिळवला.

विवाह आणि भ्रमंती

सुमारे १८८० मध्ये टिळकांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. म्हणजे लग्नाच्या वेळी त्या अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरी सोवळेओवळे अत्यंत कडक होते. लग्नाच्या वेळी त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ते शिकवण्याचा आरंभ टिळकांनी केला.

टिळकांचा स्वभाव एका ठिकाणी स्थिर होणारा नव्हता. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी अशी निरनिराळी कामे त्यांनी निरनिराळ्या गावी केली. मनात आले की घरी न सांगता ते निघून जात, दूरवर पायी हिंडत आणि काही दिवसांनी परत येत. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे घरखर्चाची ओढाताण नित्याची झाली. या काळात लक्ष्मीबाईंना कधी माहेरी, कधी सासरी, तर कधी इतर नातेवाइकांच्या आश्रयाने राहावे लागले. या दाम्पत्याची काही अपत्ये बालपणीच दगावली. १८९१ मध्ये जन्मलेला मुलगा देवदत्त ऊर्फ दत्तू हा पुढे त्यांच्या साहित्याचा वारसदार झाला.

नोकरीच्या निमित्ताने टिळक नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने १८९१ मध्ये त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. धर्मविषयक चर्चेसाठी निघालेल्या 'ऋषी' या मासिकाचे संपादनही त्यांनी काही काळ केले. याच सुमारास जातिभेद, मूर्तिपूजा आणि कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न झाल्या होत्या. देशाची उन्नती व्हायची तर समाजाला सर्वांना सामावून घेणारा धर्म हवा, या विचाराने त्यांना घेरले होते.

रेल्वेतील भेट

१८९३ मध्ये टिळक कामाच्या शोधात नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. हा प्रवास बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरचा होता. डब्यात त्यांची एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असावेत, असे मानले जाते. दोघांचे बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांना बायबलची प्रत भेट दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले.

टिळकांनी ते पुस्तक प्रथम केवळ शब्द दिला म्हणून वाचावयास घेतले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने मात्र त्यांना खिळवून ठेवले. शत्रूवर प्रेम करण्याची शिकवण आणि दीनदुबळ्यांना दिलेले आश्वासन यांत आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडतात, असे त्यांना वाटू लागले. पुढील दीड-दोन वर्षे त्यांनी अभ्यासात आणि मिशनऱ्यांशी केलेल्या गुप्त पत्रव्यवहारात घालवली. त्यांच्या मनाचा कल घरच्यांना पुरता ठाऊक नव्हता. पण कुजबूज सुरू झाली होती आणि लक्ष्मीबाईंच्या मनात धास्ती बसली होती.

धर्मांतर

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले होते आणि पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्याचे प्रमुख केंद्र बनले होते. बाप्तिस्म्याची कल्पना टिळकांनी पत्नीला किंवा आप्तांना आधी दिली नव्हती.

त्या काळी धर्मांतर ही केवळ व्यक्तीच्या श्रद्धेची बाब नव्हती. बाप्तिस्मा घेणाऱ्याचा जातीशी, पंक्तीशी आणि वारशाशी असलेला संबंध तुटत असे. त्याच्या पत्नीपुढे दोनच मार्ग उरत : पतीबरोबर जाऊन माहेरच्यांना कायमचे मुकावे, किंवा माहेरी राहून पती हयात असताना परित्यक्तेचे जिणे पत्करावे. टिळकांच्या निर्णयाचा मोठा भार अशा रीतीने लक्ष्मीबाईंवर पडला.

ताटातूट

धर्मांतराची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला होत्या. या धक्क्याने त्या आजारी पडल्या. नातेवाइकांनी त्यांना आणि लहानग्या दत्तूला टिळकांपासून दूर ठेवले. यानंतर चार वर्षांहून अधिक काळ पती-पत्नी विभक्त राहिले. त्यांपैकी काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपूर येथे नातेवाइकांकडे काढला.

टिळक या काळात अहमदनगरला राहून मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवत होते. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा त्यांना आधार होता. त्यांनी दुसरा विवाह केला नाही, तसेच कायद्याचा आधार घेऊन पत्नीला किंवा मुलाला बळाने आणण्याचा मार्गही पत्करला नाही. पत्रे आणि त्यांतून पाठवलेल्या कविता हाच दोघांमधला दुवा होता. टिळकांनीच शिकवलेल्या अक्षरओळखीच्या जोरावर लक्ष्मीबाई ती पत्रे वाचत असत. आपले दुःख मांडण्यासाठी त्यांनीही याच काळात कविता रचल्या.

पुनर्मीलन

अखेर लक्ष्मीबाईंनी पतीकडे जाण्याचा निर्णय घेतला. पण ख्रिस्ती होण्याचा नव्हे. अहमदनगरला आल्यावर त्यांनी आपले सोवळे, स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. उलट पत्नीचे नियम पाळले जावेत, अशी व्यवस्था त्यांनी केली. ख्रिस्ती पती आणि सोवळ्यातील पत्नी असा हा संसार मिशनच्या वर्तुळात आणि ब्राह्मण समाजातही नवलाचा विषय ठरला.

लक्ष्मीबाईंच्या मनात बदल घडला तो क्रमाक्रमाने आणि मुख्यतः जातिभेदाच्या प्रश्नावरून. माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वराने केली की माणसाने, या विचारातून त्यांनी आधी शिवाशीव सोडली. सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ झाल्यावर पुढचा मार्ग त्यांचा त्यांनाच दिसला. १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. पत्नीचे मन आपल्या बाजूस वळावे म्हणून टिळकांनी उपदेशापेक्षा धीर आणि मोकळीक यांवर भिस्त ठेवली, हे या दाम्पत्याच्या चरित्रातील लक्षणीय वैशिष्ट्य मानले जाते.

यानंतर टिळकांचे घर कुटुंबापुरते राहिले नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला होता. अनाथ आणि निराधार मुलांना या घरात आसरा मिळाला. त्यांच्या संगोपनाचा भार प्रामुख्याने लक्ष्मीबाईंनी उचलला. टिळक पाहुण्याला किंवा अनाथाला घरी घेऊन येत आणि त्याच्या जेवणाखाणाची चिंता लक्ष्मीबाई वाहत, अशी या संसाराची रीत होऊन गेली. तारा या मुलीला त्यांनी आपली मुलगी म्हणून वाढवले.

धर्मकार्य आणि प्रवास

१९०४ मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. अध्यापनाबरोबरच प्रवचने, कीर्तने आणि व्याख्याने यांसाठी ते महाराष्ट्रातील अनेक गावांत हिंडू लागले. पूर्वी ज्या भटकेपणाने संसाराची घडी विस्कटली होती, तोच आता त्यांच्या कार्याचा भाग झाला. घर मात्र बरेचदा लक्ष्मीबाईंच्याच भरवशावर राहिले.

मिशनच्या उपासनेत तोपर्यंत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाण्याची पद्धत रूढ होती. मराठी श्रोत्याला, विशेषतः खेड्यातील माणसाला, त्या चाली परक्या वाटत असल्याचे टिळकांना प्रवासात जाणवले. अहमदनगर येथे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग पूर्वीच केला होता. टिळकांनी तो मार्ग पुढे नेला. अभंग, ओवी, पद, आरती हे संतपरंपरेतील रचनाप्रकार त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी योजले. ज्ञानेश्वर आणि विशेषतः तुकाराम यांच्याशी असलेले नाते त्यांनी धर्मांतरानंतरही तोडले नाही. तुकारामांच्या भक्तीमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी शंभराहून अधिक भक्तिगीते रचली. त्यांपैकी अनेक 'उपासना संगीत' या मराठी उपासनेच्या गीतसंग्रहात समाविष्ट आहेत. लक्ष्मीबाईंनीही पुढे कीर्तने केली.

१९१२ पासून मृत्यूपर्यंत टिळक 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. अमेरिकन मराठी मिशनचे हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले होते. त्यातील लेखनातून त्यांनी भारतीय ख्रिस्ती समाजाने देशाशी आणि देशी संस्कृतीशी एकरूप व्हावे, असा आग्रह धरला. धर्म बदलला म्हणून वेश, भाषा, संगीत आणि राष्ट्रीयत्व बदलण्याचे कारण नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती. परदेशी मिशनऱ्यांचे ऋण ते मानत. मात्र भारतीय चर्चचे नेतृत्व भारतीयांकडे असावे, असेही त्यांचे मत होते.

काव्य

टिळक हे केशवसुतांचे (१८६६–१९०५) समकालीन. आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. निसर्ग, बालके, कौटुंबिक जिव्हाळा, देशप्रेम आणि भक्ती हे त्यांच्या कवितेचे मुख्य विषय आहेत. 'वनवासी फूल' आणि 'सुशीला' या त्यांच्या दीर्घ कविता प्रसिद्ध आहेत. शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांच्या परिचयाची झाली. 'माझी भार्या' आणि 'बापाचे अश्रू' यांसारख्या कवितांतून त्यांनी संसारातील सुखदुःखे काव्यविषय केली. पत्नी हा काव्याचा विषय होणे त्या काळी सर्वसामान्य नव्हते.

'बालकवी' म्हणून प्रसिद्ध असलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांना टिळक दाम्पत्याचे पुत्रवत प्रेम लाभले. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात ठोमरे यांना 'बालकवी' ही उपाधी मिळाली. त्यानंतर काही काळ ते अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. या घरात त्यांना धर्मांतराचा आग्रह झाला नाही. ते अखेरपर्यंत हिंदूच होते.

ख्रिस्ताचे जीवन मराठी ओवीत सांगणाऱ्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याच्या लेखनास टिळकांनी १९०९ मध्ये आरंभ केला. नाव आणि घाट या दोन्ही बाबतींत रामायणासारख्या काव्यांची परंपरा त्यांच्यासमोर होती. प्रवास, संपादन आणि इतर कामे यांमुळे हे काव्य त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनावरील सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारून ते साताऱ्यास राहावयास गेले. पगारी धर्मोपदेशकाच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसत नाही आणि मिशनच्या चौकटीमुळे ख्रिस्त हा परक्यांचा देव ठरतो, या विचाराने त्यांनी हे पाऊल उचलले. त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे आणि ज्यांनी घेतलेला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ असावा, असा तिचा आशय होता.

संन्यास म्हणजे कुटुंबाचा त्याग, असा अर्थ टिळकांनी घेतला नाही. धनाची, मानाची आणि पदाची आसक्ती सोडणे हा त्यांच्या संन्यासाचा गाभा होता. तरीही ठरावीक मिळकत बंद झाल्याने कुटुंबापुढे पुन्हा अनिश्चितता उभी राहिली. १८९५ च्या निर्णयाच्या वेळी लक्ष्मीबाई पतीपासून दुरावल्या होत्या. १९१७ मध्ये मात्र त्या त्यांच्यासोबत होत्या.

मृत्यू

'देवाचा दरबार' पुरता आकारास येण्यापूर्वीच टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना मुंबईला आणण्यात आले. तेथेच ९ मे १९१९ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांनी चोवीस वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता, तेथेच त्यांचा अंत झाला. ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा असताना त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

वारसा

टिळकांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी 'ख्रिस्तायन' पुढे नेले. टिळकांनी केवळ आरंभीचे अध्याय लिहिले होते; नंतरचे बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. देवदत्त यांच्या हातभाराने ते पूर्ण होऊन १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत लक्ष्मीबाईंचेही निधन (१९३६) झाले होते.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे प्रकाशन १९३४ पासून भागशः झाले. मुळात टिळकांच्या आठवणी सांगण्याच्या निमित्ताने सिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत श्रेष्ठ मानला जातो. टिळकांचा उदारपणा आणि विसराळूपणा, त्यांचा संताप आणि माया, त्यांच्या श्रद्धेची उंची आणि तिच्यासाठी घरच्यांनी सोसलेले हाल या साऱ्यांचे चित्रण त्यात परखडपणे आणि विनोदाच्या अंगाने येते. टिळकांच्या चरित्राचे ते सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. त्यावर विजया मेहता यांनी चित्रकृतीही दिग्दर्शित केली आहे.

जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेले टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रकाशित झाले. टिळकांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्यांच्या जीवनावर 'चालता बोलता चमत्कार' ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची भजने आजही गायिली जातात.